परक्याचं पोर

ग्लेनिस घरातच पाळणाघर चालवायची. नोकरी करणाऱ्या आईबापांची पोरं सांभाळायचे काही तासांचे पैसे तिथे सरकार भरतं. लेक कामावर जाते म्हणून ग्लेनिसने नातवाचे हे मोफत तास आपल्याच पाळणाघरासाठी मागितले. कौन्सिलच्या बाई फोनवर म्हणाल्या, "परक्याचं पोर सांभाळा, सरकार पैसे देईल. सख्ख्या नातवाचे मिळत नाहीत."

"बरं," म्हणून ग्लेनिस तडक शेजारच्या नोरीनकडे गेली. कुंपणावरून भांडण झाल्यापासून दोघींत बोलणं नव्हतं. पण नोरीनचंही पाळणाघर होतं आणि तिलाही एक नात होती.

"तुझी नात मला दे, माझा नातू तू घे."

"म्हणजे रोज सकाळी तुझं थोबाड बघायचं?"

"मला तरी कुठे हौस आहे."

आता रोज सकाळी कुंपणावरून पोरांची अदलाबदल होते. मग दोघी बागेत जाऊन एकाच बाकावर बसतात, आपापलं सख्खं नातवंड आपापल्या मांडीवर घेऊन.