सुट्टीचं कलम

नोकरीच्या कराराचे कागद हातात घेऊन तो रविवारी सकाळपासून घरभर येरझाऱ्या घालत होता. मागच्या सॉफ्टवेअर कंपनीत डोळे झाकून सही केली होती, आणि लेकीने दोन वर्षं बाबा फक्त झोपलेला पाहिला. या वेळी ‘सुट्टीच्या दिवशी काम नाही’ हे कलम पुन्हा पुन्हा वाचूनही जिवाला चैन पडेना.

“अरे, त्यांनाच विचार ना एकदाचं!” बायको वैतागली.

त्याने नव्या कंपनीच्या एचआर मॅडमना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

“बिनधास्त सही करा, सर! आमच्याकडे रविवार म्हणजे रविवार. कामाचं नावसुद्धा काढत नाही कुणी.”

तेवढ्यात त्यांच्या मागून एक चिमुकला आवाज आला.



“आई, सगळे खोळंबलेत. केक मी एकटीच कापू का?”