रिकामा खिळा

"किल्ली समोरच्या सलूनमध्ये ठेवलीय, मागून घ्या आणि खोली बघून या," असं दलालाने फोनवर सांगितलं होतं. गल्लीत किल्ल्या बनवून देणारा किल्लीवाला सलूनच्या दारात आला आणि जागीच थिजला. आत खुर्ची पुसत उभा असलेला माणूस त्याच्याच गल्लीतला जुना सलूनवाला होता. याचं पुन्हा तोंड बघणार नाही, असं किल्लीवाल्याने दोन वर्षांपूर्वी चारचौघांत सांगितलं होतं. आता मागे फिरण्यातही अर्थ नव्हता. सलूनवाल्याने त्याला आरशातून बघितलं होतं.

ती गल्ली एका उपनगरात, दोघंही तिथेच जन्मले. एके काळी तिकडे यायला टॅक्सीवाले का-कू करायचे. मग नवं स्टेशन आलं, काचेच्या इमारती आल्या आणि भाडी अशी काही वाढली की लोक घरमालकाचा फोन उचलेनासे झाले. तेव्हा किल्लीवाल्याच्याच दुकानात बैठक बसली. तो तावातावाने बोलला. एक हलला की दहा हलतील, म्हणून कुणीच हलायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. न डोलावून सांगतात कुणाला, त्या गल्लीत त्याचा शब्द म्हणजे शब्द होता.

त्याला कारणही तसंच होतं. गल्लीतल्या प्रत्येक घराची जादा किल्ली त्याच्या दुकानातल्या फळीवर असायची, ज्याच्या त्याच्या खिळ्याला. कुणाची किल्ली हरवली, कुणाची म्हातारी आत कोंडली गेली, की सगळे त्याच्याकडे धावायचे. एवढा भरवसा होता आणि या गड्याला त्याची मिजासही होती, खोटं कशाला बोला.

बैठकीनंतर तीन महिन्यांत सलूनवाला आपली किल्ली मागायला आला. सामानाचा टेम्पो बाहेर उभा होता. "पळपुट्याला मी हातात किल्ली देत नाही," असं म्हणून किल्लीवाल्याने ती रस्त्यावर फेकली. सलूनवाला बायकोपोरांसमोर वाकला आणि त्याने ती उचलली. त्याला निरोप द्यायला गल्लीतलं चिटपाखरूही गेलं नाही. तो खिळा किल्लीवाल्याने मुद्दाम रिकामा ठेवला. येणारे-जाणारे बघायचे आणि समजायचं ते समजायचे.

आणि आता हा दिवस. वर्षापूर्वी दुकानावरचं घर परवडेना म्हणून किल्लीवाल्याने सोडलं आणि नवरा-बायको दुकानामागच्या खोलीत राहायला आले. मधे नुसता पडदा. किल्ल्यांचं मशीन दिवसभर पितळ कापायचं आणि ती धूळ बायकोच्या छातीत बसायची. खोकून खोकून ती अर्धी झाली. "यांना इथून हलवा," डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. ती मात्र म्हणायची, "डॉक्टरांचं काय जातंय बोलायला." गेल्या महिन्यात ती एक दिवस बहिणीकडे जाऊन आली तेव्हा जरा खुललेली दिसली होती. हवापालट झाला असेल, असं त्याला वाटलं.

आज त्याने गल्लीला सांगितलं, लग्नाला चाललोय. बायकोलाही तेच सांगितलं. तिने पांढऱ्या शर्टाला इस्त्री करून दिली. कुणाचं लग्न, हे विचारलंसुद्धा नाही.

सलूनवाल्याने खणातून किल्ली काढली. किल्लीवाल्याला वाटलं, आता फेकणार. फेकली असती तर बरं झालं असतं, निदान फिट्टंफाट झाली असती. सलूनवाला चार पावलं पुढे आला आणि त्याने किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली.

"समोर, वरचा मजला, दादा. कुलूप जरा अडतं. पण ते तुम्हाला काय सांगायचं."

खोली चांगली होती. दोन्ही बाजूंना खिडक्या, मागे मोकळं मैदान आणि खाली रस्त्याला लागून दुकानाचा गाळा, म्हणजे मशीन तिथे राहील आणि बायको वर. भाडं हिशोबात बसणारं. खिडकीशी उभं राहून त्याने एक लांब श्वास घेऊन बघितला. बायकोला हा श्वास वर्षापूर्वीच मिळाला असता. नुसती मान खाली घालायची होती, तेवढं त्याच्याने झालं नव्हतं. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

खाली येऊन त्याने किल्ली परत केली.

"एक विनंती होती," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "गल्लीत कुणाला सांगू नकोस. मी आलो होतो ते."

"नाही सांगत. आजवर कुणाचंच सांगितलं नाही."

"कुणाचंच म्हणजे?"

सलूनवाला टॉवेलाची घडी घालत राहिला. "शिंपी आला होता. शाळेतल्या बाई आल्या होत्या, नवऱ्याला घेऊन. कोपऱ्यावरचा बेकरीवाला तर दोनदा. सगळ्यांना इथलं पसंत पडलं."

"मग आले का नाहीत राहायला?"

"जाताना प्रत्येक जण एवढंच म्हणाला, किल्लीवाल्याला कळता कामा नये."

किल्लीवाला खुर्चीत बसला. समोर आरसा होता, म्हणून त्याने मान वळवली. डोळ्यांसमोर त्याला आपल्या दुकानातली फळी दिसत होती, खिळ्याखिळ्याला लटकलेल्या किल्ल्या आणि मधला तो एक रिकामा खिळा. त्या खिळ्याने अख्खी गल्ली डांबून ठेवली होती.

"मी सगळ्यांना दिलेला शब्द पाळला, दादा," सलूनवाला हळू आवाजात म्हणाला. "एकीचा मात्र आज मोडतो. त्यांचा खोकला ऐकवला नाही मला. गेल्या महिन्यात वहिनी आल्या होत्या, एकट्याच. त्या खोलीच्या खिडकीशी तासभर बसल्या. जाताना माझे हात धरून म्हणाल्या, ह्यांना कळू देऊ नका भावजी, गल्लीत ह्यांची मान खाली जाईल."