पाडायच्या घरातला चहा

"एक दगड जरी हलवलास ना मॅलकी, तर तुझ्या त्या जेसीबीसकट तुला ओढ्यात ढकलीन!"

डिम्फना जुन्या घराच्या दारात आडवी उभी होती. समोर जेसीबीवर तिचा धाकटा भाऊ.

"अगं, परवानगीवाले साहेब येणारेत. ही पडकी भिंत तेवढी काढून जरा नीटनेटकं करतो. काय म्हणतील ते?"

"अरे शहाण्या, भिंत बघायलाच येतायत ते!"

मॅलकीचं तरी काय चुकलं? पाहुणा यायचा म्हटलं की आवरायला धावायचं, ही आयर्लंडातल्या टायरोनकरांच्या हाडीमाशी खिळलेली सवय. पण नियमच उफराटा. रानात नवं घर बांधायचं तर जुन्याच्याच जागी, आणि परवानगी मिळेपर्यंत जुनं चारी भिंतींनिशी उभं हवं. शिवाय ते राहतं घर होतं, हे दिसायला हवं. साहेबांच्या कचेरीसाठी डिम्फनाने नव्या घराचा आराखडा पुन्हा पुन्हा बदलला होता. आता ते बुटकं झालं होतं, रस्त्याच्या बाजूला लहान खिडक्या होत्या. आराखड्यातलं धुराडं मात्र तिने कुणाला काढू दिलं नव्हतं. आज नकार आला, तर आईच्या जमिनीवर राहायचं कायमचंच राहून जाणार होतं.

हेदरिंग्टनसाहेब आले. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पाय शेण चुकवत. आत वासरांच्या दावणी होत्या, भिंतीशी लांबलचक गव्हाण होती.

"बाई, हा तर गोठा आहे."

"वासरं नंतर आली, साहेब. आधी आम्ही होतो."

"सगळे असंच सांगतात. मला दिसायला हवं."

"मॅलकी, गव्हाणीचं ते टोक धर."

गव्हाण सरकली. मागे काजळीने काळी झालेली चूल निघाली, किटली टांगायचा आकडाही जागेवर होता. साहेबांनी वाकून पाहिलं, पण चेहरा काही हलला नाही. डिम्फनाने दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या विटा चुलीत रचल्या आणि काडी ओढली.

घरभर धूर झाला. साहेब खोकत बाहेर पळाले.

"धुराड्यात कावळ्यांनी संसार मांडलाय!" मॅलकी ओरडला.

"मग मोड तो. इथला संसार माझा आहे."

मॅलकीने एक दांडा धुराड्यात वर खुपसला. काटक्यांचा ढीग भसकन खाली आला, चुलीतच पडला आणि पेटला. बाहेर उभ्या साहेबांना धुराड्यातून सरळ वर चढणारा धूर दिसला.

ते परत आत आले, तेव्हा आकड्यावर किटली लटकत होती.

"तरीपण बाई, नुसत्या चुलीवरून..."

डिम्फनाने एक बादली पालथी घातली आणि पदर नव्हता म्हणून बाहीनेच पुसली.

"बसा. गोठ्यात कुणी चहा विचारलाय का तुम्हाला कधी?"

साहेब चुलीपाशी आले. मग बसले. हेल्मेट काढून त्यांनी मांडीवर ठेवलं.

"साखर नको," ते म्हणाले.