मुलाखत खोलीतला बिघाड

तुरुंगात कैद्यांच्या भेटीच्या खोलीतला फोन दुरुस्त करायला ती आली होती. काचेच्या पलीकडच्या रिसीव्हरमध्ये तिने तपासणीचा टोन सोडला आणि अलीकडे येऊन मीटर पाहिला. खर्जातल्या घुमण्यापासून कानात टोचणाऱ्या शिट्टीपर्यंत एकेक सूर चढवत नेला. माणसाचा आवाज जिथे असतो, तिथे तर दोनदा. काटा कुठेच खाली आला नाही. आवाजाची पातळीही हवी तेवढीच होती.

"नसणारच काही," दारातला शिपाई म्हणाला. "म्हातारी दर भेटीला तेच रडगाणं लावते, ऐकू येत नाही म्हणून. तिचेच कान गेलेत, मॅडम. या यंत्राला काय धाड भरलीय?"

"भेट चालू असताना एकदा ऐकते," ती म्हणाली. "माणसं बोलायला लागली की कधीकधी बिघाड तोंड वर काढतो."

म्हातारी बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. हेडफोन लाइनला जोडता जोडता दुरुस्तीवालीने विचारलं, "मावशी, तुमचं बोलणं मी ऐकलं तर चालेल ना?"

म्हातारीने पिशवीचे बंद आवळले. मग मान हलवून काचेसमोर येऊन बसली.

पलीकडे तिच्या मुलाला आणून बसवलं. दाढी वाढलेली, डोळे खाली. कुणी न सांगता त्याने रिसीव्हर उचलून कानाला लावला.

"जेवलास का रे?" म्हातारी म्हणाली. "मागच्या भिंतीला ओल आली होती, मामाने गवंडी आणला. ताईचा धाकटा चालायला लागला. सारखा पडतो. पडला की आधी कुणी बघतंय का ते बघतो, मग रडतो. अगदी तुझ्यावर गेलाय."

एकेक शब्द हेडफोनमध्ये स्वच्छ उमटत होता. म्हातारी बोलायची थांबली आणि वाट पाहू लागली. मग दुसऱ्या बाजूने आला तो फक्त श्वास. आत, बाहेर. मध्येच एक आवंढा. सदऱ्याची कॉलर रिसीव्हरला घासली, तीसुद्धा ऐकू आली. मुलाचे ओठ मिटलेले होते.

म्हातारीने रिसीव्हरवर बोटाने टकटक केलं. "बघा," ती शिपायाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काही येतच नाही."

दुरुस्तीवालीने हेडफोन काढला आणि म्हातारीच्या खुर्चीशी उकिडवी बसली. "मावशी, लाइन चांगली आहे. तोच बोलत..."

"ठाऊक आहे गं मला." म्हातारीने रिसीव्हरच्या तोंडावर तळवा घट्ट दाबला. तिचा आवाज एकदम खाली आला. "निकाल लागल्यापासून चकार शब्द बोलला नाही. पण इथे ज्याला भेट नको असते त्याला बाहेर आणत नाहीत. बोलत नाही हे कळलं, की म्हणतील, याला कुणी नकोच आहे. यंत्र बिघडलंय म्हटलं की निदान समोर बसवतात."

"आणि मी नीट झालं म्हणून सांगितलं तर?"

म्हातारीने दाराकडे पाहिलं. तळवा मात्र तिने काढला नाही.

"सापडला का?" शिपाई आत आला.

धडधाकट लाइनला दुरुस्तीवालीने आजवर कधी नावं ठेवली नव्हती. वायरचं एक टोक हातात घेऊन ती उगाच पाहत राहिली.

"आहे बिघाड," ती म्हणाली. "येतो-जातो. असे लवकर हाताला लागत नाहीत. पुन्हा यावं लागेल."

"मग नवीनच बसवून टाका की."

"नवीन बसवूनही जाईलच असं नाही."

"म्हणजे म्हातारीचे कान शाबूत आहेत म्हणायचे," शिपाई पुटपुटला आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

ती वायरी गुंडाळू लागली. एरवी चटचट होणारं काम आज हातून सरत नव्हतं. म्हातारीने तळवा काढला, पदराने रिसीव्हर पुसला आणि खुर्ची काचेजवळ ओढली.

"तर काय सांगत होते," ती म्हणाली, "गवंडी दुपारपर्यंत आलाच नाही. मामा नुसता धुसफुसत बसलेला. त्याचा राग तर तुला माहीतच आहे..."

काचेपलीकडे मुलाचा हात अवघडला असावा. त्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.