छताखालचं जेवण

लॅम्प रूमच्या खिडकीतून हेल्मेट आणि दिवा पुढे आला, तसा तरुण सल्लागार म्हणाला, "मला कशाला?"

"खाली जायचंय ना," खाणीच्या मॅनेजरबाई म्हणाल्या. "डबा आणलाय का? नसेल तर माझ्यातला देते."

खाणकामाची पदवी हातात पडताच तो सल्लागार कंपनीत लागला होता. 'धूळ खाण्यापेक्षा धूळ खाणाऱ्यांना शहाणपण शिकव,' असं मामा म्हणाला होता, आणि भाच्याने ते देववाक्य मानलं. तेव्हापासून त्याने कितीतरी खाणींना मार्ग दाखवला. एकीतही उतरला नाही. गरजच पडली नाही. खाण लॅपटॉपमध्ये मावत होती.

या खाणीला त्याने सुचवलं होतं की बोगद्याच्या छताला टेकू जरा जास्तच झालेत, एकाआड एक काढून टाकावेत. मालक खूश. बाई भांडून थकल्या. मालकांचं एकच, सल्ला बदलायचा तर तो सल्लागारानेच बदलावा. आज त्याची सही झाली की उद्या टेकू निघणार होते, आणि त्याची बढती पक्की होती.

"आमची एक जुनी रीत आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "छताचा निर्णय ज्याचा, पहिलं जेवण त्याचं. टेकू काढलेल्या छताखाली. तुम्ही सावकाश जेवा, मग माझी माणसं आत जातील. मुकादम खाली थांबलाय, तुम्ही सांगाल ते चार टेकू काढायला."

तो बाजूला गेला आणि आपल्या कंपनीतल्या साहेबांना फोन लावला.

"अरे, आपण फक्त सल्ला देतो," साहेब म्हणाले. "छताखाली बसणं त्यांचं काम. सही कर आणि नीघ."

तो परत आला. खाली नेणाऱ्या पिंजऱ्याचं दार उघडं होतं. आत काळोख होता. देव बुद्धी सगळ्यांनाच देतो. काहींना ती पोचायला असं एखादं दार उघडावं लागतं.

"आकडे पुन्हा बघावे लागतील," तो म्हणाला.

"बघा की. खाली बसून बघू."

"नको. टेकू राहू देत सगळे."

खिडकीच्या फळीवरच लॅपटॉप उघडून त्याने मालकांना तसं कळवलं, बढतीवर पाणी सोडलं आणि गाडीत जाऊन बसला.

लॅम्प रूमवाल्याने हेल्मेट खुंटीला अडकवलं. "बाई, या खिडकीत माझे केस पिकले. ही जेवायची रीत कधी कानावर आली नाही. कधीपासूनची?"

"त्याचा अहवाल वाचल्यापासूनची," बाई म्हणाल्या.