थेंबभर लाल

"मावशी, ती पिशवी जरा उजेडात धर."

वॉर्डातल्या मावशीने सहा नंबरच्या खाटेला लटकवलेली पिशवी खिडकीकडे केली. सिस्टरबाईंनी डोळे बारीक केले. पोटातल्या नळीतून येणाऱ्या मळकट पाण्यात एक लाल रेघ उतरत होती. दोऱ्याएवढीच.

"धाकट्या डॉक्टरला बोलाव. पळ!"

बत्तीस वर्षं याच वॉर्डात काढलेल्या सिस्टरबाईंचा शब्द मावशीने कधी खाली पडू दिला नव्हता. डॉक्टर हातातला चहा तसाच ठेवून आला, पिशवी पाहिली आणि हसला.

"सिस्टर, ऑपरेशनला बारा दिवस झाले. थोडं लालसर येतंच. बीपी उत्तम आहे."

"आत्ता आहे. जुनं रक्त काळपट असतं, हे ताजं आहे." मनगटावर दोन बोटं ठेवून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "नाडी एकशे बारा. सकाळी अठ्ठ्याऐंशी होती."

"तुम्ही काळजी आमच्यावर सोडा बरं."

"कालचा रिपोर्ट वाचलास? स्वादुपिंडाचा रस गळतोय. तो आतड्यात गेला तर अन्न पचवतो. बाहेर सांडला की शेजारची रक्तवाहिनीच पचवायला घेतो. तिची भिंत विरत जाते. आधी थेंबभर रक्त दाखवते आणि मग एकदम फुटते."

डॉक्टरचं हसू मावळलं, पण पाय हलेनात. "मोठे सर ऑपरेशनला उभे आहेत. उगाच बोलावलं तर सालटी काढतील माझी."

"काढू देत. सालटी परत येतात."

मावशीला हसू फुटलं, तिने ते पदरात दाबलं. सिस्टरबाई हसल्या नाहीत.

"एक सुतार होता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्याच्या पिशवीत अस्संच दिसलं होतं. राउंडला सांगू म्हणून मी गप्प बसले. राउंड व्हायच्या आत खाट रिकामी झाली. त्याची बायको मला 'तुम्ही खूप केलंत' म्हणून गेली. ते अजून सोसवत नाही मला."

डॉक्टरने खिशातून फोन काढला.

तासाभरात स्कॅन झाला. मोठे सर गळ्यात मास्क लोंबकळत ठेवूनच वॉर्डात शिरले.

"रक्तवाहिनीला फुगा आलाय, शेंगदाण्याएवढा. भिंत कागदासारखी झालीय. मांडीतून बारीक नळी घालून आतून बंद करतो, लगेच. वेळेत सापडलं. दुपारपर्यंत थांबलो असतो तर..." सर धाकट्याकडे वळले. "कुणी पकडलं हे?"

 उत्तरादाखल धाकट्याने संमतीपत्र पुढे केलं. 

"सही लागेल, सिस्टर."

"आण इकडे."

सिस्टरबाईंनी कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, 'रुग्णाची सही' असं छापलं होतं तिथे आपलं नाव लिहिलं आणि सहा नंबरच्या उशीवर परत मान टेकली.