बँक परीक्षकांचे स्वागत

नऊ वाजता विलो फोर्क स्टेट बँकेचे दार उघडले, तेव्हा ठेवीदारांची रांग धान्याच्या कोठारापर्यंत पोहोचली होती.

या रांगेचे मूळ महामार्गावरील मोटेलची मालकीण डार्ला हिच्या सद्भावात होते. राज्याच्या बँकिंग खात्याने सरकारी दराने खोली राखून ठेवली, एवढ्यावरून येणारी पाहुणी कोण हे तिने ओळखले. आणि आदरातिथ्यात उणीव राहू नये म्हणून रस्त्यावरच्या फलकावर हातभर उंचीची अक्षरे चढवली : 'बँक परीक्षकांचे स्वागत. गरम नाश्ता.' परीक्षक वर्ना टिस्डेल यांनी सकाळी सहाला खिडकीचा पडदा सारला, फलक वाचला आणि अक्षरे तत्काळ उतरवायला लावली. तोवर दुधाचा टँकर दोनदा तिथून गेला होता. परिणामी गावात एकाऐवजी दोन वार्ता पोहोचल्या : परीक्षक आले आहेत, आणि ते आल्याचे लपवले जात आहे.

तपासणी दरवर्षीचीच होती. परंतु त्याच हिवाळ्यात शेजारच्या परगण्यातील दोन बँकांना कुलपे लागली होती, आणि नेब्रास्कात अशी वार्ता वाऱ्याआधी धावते.

बँकेचे अध्यक्ष ग्लेन हाउप्ट परीक्षकांच्या मेजावर ओणवे झाले. मेज बँकेच्या दर्शनी दालनातच, रांगेसमोर होते. आतल्या खोलीत दोन माणसे मावत नसत.

"मॅडम, तिजोरीत एका दिवसापुरती रोकड असते. बाकी सगळं गावाच्या बियाण्यात आणि ट्रॅक्टरांत आहे. दुपारपर्यंत हे असंच चाललं, तर धडधाकट बँक मला जिवंत पुरावी लागेल. एक शब्द बोला. नुसतं 'ठीक आहे' म्हणा."

"मला तपासणीबद्दल बोलता येत नाही."

"चांगल्याला चांगलं म्हणायलाही बंदी?"

"आज इथे चांगलं म्हटलं, तर उद्या दुसऱ्या गावात मी गप्प बसले की तिथली बँक बुडाली असं समजायचं. नियम त्या गावासाठी आहे."

"आणि या गावानं काय करायचं?"

वर्ना यांनी पुढचे कर्जपाकीट ओढले.

"बरं, मान तरी हलवा."

"मान हलवणं म्हणजे बोलणंच."

"मग निदान कपाळावरच्या त्या आठ्या काढा हो! लोक उभ्या उभ्या मोजतायत."

"या आठ्या तुमच्या बँकेसाठी नाहीत, मिस्टर हाउप्ट. त्या मोटेलवालीसाठी आहेत."

"मग तेवढं तरी सांगा त्यांना!"

रांगेच्या अग्रभागी अल्मा कुबिचेक होत्या. वय एकोणऐंशी, हातात पर्स, पर्सच्या बंदावर दोन्ही मुठी. त्यांनी आधी अध्यक्षांना न्याहाळले.

"ग्लेन, चर्चच्या रविवारच्या शाळेत तुला मी शिकवलंय. खोटं बोललास की तुझे कान लाल होतात."

"मी अजून काही बोललोच नाहीये, अल्मामावशी!"

"तरी लाल आहेत."

मागून कोणीतरी फिसकन हसले. पण रांग तसूभरही हलली नाही. एका टोपीवाल्याने खिडकीवरची पितळी पाटी दाखवली. "अहो, ठेवींना केंद्र सरकारची हमी आहे. लिहिलंय की तिथे."

"लिहिलंय सरकारनं," अल्मा म्हणाल्या, "आणि ही बाईसुद्धा सरकारचीच. तिला तोंडी विचारू." त्या मेजाकडे वळल्या. "काय गं बाई, तू तुझे पैसे इथे ठेवशील?"

"मला ठेवता येत नाहीत," वर्ना म्हणाल्या. "कायद्याने."

उत्तर अक्षरशः खरे होते (परीक्षकाला तपासणीच्या बँकेत खाते ठेवता येत नाही), आणि याहून वाईट उत्तर सापडले नसते. ते रांगेतून कुजबुजत मागे गेले आणि दाराबाहेर पडेपर्यंत 'कायद्यानेच बंदी घातलीय' असे झाले. मौन हे संमतीचे लक्षण, असे शास्त्र सांगते. विलो फोर्कने त्याला दिवाळखोरीचे लक्षण ठरवले. खिडकीतील रोखपाल मुलीने नोटांची दुसरी चळत फोडली. ग्लेन हाउप्ट भिंतीला टेकले.

वर्ना यांनी एकेचाळिसावे कर्जपाकीट उघडले. सह्या जागेवर, तारण जागेवर, विम्याचा कागद जागेवर. त्यांनी ते मिटले आणि बेचाळिसावे उघडले. त्यातही सर्व जिथल्या तिथे होते. बावीस वर्षे त्यांनी मौनाचे हे व्रत पाळले होते. ज्यांच्या ठेवींसाठी ते पाळायचे, ती माणसे आज आठ हातांच्या अंतरावर उभी राहून आपलीच बँक रिकामी करत होती, आणि व्रत त्यांना जीभ उचलू देत नव्हते. त्यांनी रांगेकडे पाहिले. मग लेखणी खाली ठेवली, खुर्चीत मागे रेलल्या आणि जांभई दिली.

ती जांभई लहान नव्हती. तोंडावर हात आला नाही. जबडा पुरता उघडला, डोळ्यांना पाणी आले, शेवटी एक दीर्घ, निर्व्याज उसासा निघाला. मग त्यांनी त्रेचाळिसावे पाकीट ओढले, हनुवटी तळहातावर टेकवली आणि पाने उलटू लागल्या.

रांगेतल्या सगळ्यांच्या नजरा मेजाकडे वळल्या.

"कंटाळलीय बिचारी," अल्मा हळूच म्हणाल्या. आणि त्यांचेही तोंड उघडले. पर्सवरच्या मुठी सुटल्या. एक हात ओठांवर गेला. त्यांच्या मागच्या टोपीवाल्याने जांभई दाबायचा यत्न केला, तो फसला. त्याच्यामागे खतविक्रेत्याने दिली, मग त्याच्या बायकोने, मग दोघा भावांनी एकदमच. एकेक करीत ती रांगेतून दाराबाहेर गेली, पायऱ्या उतरली, कोठाराच्या भिंतीलगत पुढे सरकली. तिथे सर्वांत शेवटी उभ्या असलेल्या माणसापर्यंत आत काय घडले हे पोहोचलेच नव्हते. त्याने पोटभर जांभई दिली, घड्याळ पाहिले आणि आपल्या पिकअपकडे चालू लागला.